गुच्छ नको, फुलपात्र हवे

आमच्या मंडळाच्या यंदाच्या वसंत व्याख्यानमालेची सांगता झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबाची वही आणण्यासाठी मी सभागृहात गेलो होतो. खुर्च्या अजून उचलल्या नव्हत्या. व्यासपीठाच्या पायरीपाशी झाडलोट करणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर नऊ पुष्पगुच्छ ओळीने पडले होते. तीन संध्याकाळी मिळून जे गुच्छ दिले गेले, त्यांपैकी वक्त्यांनी, अध्यक्षांनी आणि सत्कारमूर्तींनी मागे ठेवून दिलेले हे नऊ. मला पाहून बाईंनी विचारले, "साहब, ये गीले में डालूँ कि सूखे में?"

इंदूरबाहेरच्या वाचकांना या प्रश्नाचे वजन कदाचित जाणवणार नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या प्रत्येक स्वच्छ सर्वेक्षणात आमचे शहर पहिल्या स्थानावर राहिले, आणि त्यात घरोघरी ओला कचरा वेगळा व सुका वेगळा ठेवण्याच्या सवयीचा वाटा फार मोठा आहे. केळ्याचे साल कोणत्या डब्यात जाते, हे येथे सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. आणि ज्ञानसत्रे भरवणाऱ्या संस्थेचा मी एक जुना सभासद, एका पुष्पगुच्छापुढे निरुत्तर झालो! फुले ओल्यात जायची हे उघड आहे. पण फुले तेथे मोकळी होती कुठे? बाई खाली बसल्या आणि त्यांनी ते गुच्छ सोडवायला घेतले. वरचा चकचकीत पारदर्शक कागद, त्याच्या आत रंगीत जाळी, त्याखाली सोनेरी फीत, स्टेपलच्या पिना, दांड्यांना गुंडाळलेली चिकटपट्टी, फुलाची मान ताठ राहावी म्हणून दांड्यात खुपसलेली तार, आणि सर्वांत खाली पाण्याने भिजलेला हिरवा स्पंज. अर्धा तास गेला. एका तारेने त्यांच्या अंगठ्यातून रक्त काढले. त्या सर्व पसाऱ्यातून खरोखर ओल्या डब्यात जाण्याजोगा ऐवज निघाला तो ओंजळी-दोन ओंजळी.

हा लेख त्या अर्ध्या तासातून निघाला आहे. यात कोणा पदाधिकाऱ्यावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. कारण व्यासपीठाची सजावट आणि गुच्छ यांचे काम ठेक्याने देण्याचा ठराव ज्या सभेत झाला, त्या सभेत माझाही हात वर होता. चूक सामुदायिक आहे, आणि म्हणूनच ती उघडपणे बोलली पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे की साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून पुष्पगुच्छ हद्दपार व्हावा, आणि त्याच्या जागी टेबलावर एक लहानसे फुलपात्र यावे, ज्यात कोणा सभासदाच्या अंगणातली, कुंडीतली, त्या ऋतूची चार-सहा फुले असतील. मागणी इतकीच आहे. परंतु तिला झालेला विरोध पाहता ती वाटते तितकी लहान नसावी.

प्रथम गुच्छाचा विचार करू. गुच्छ हा शब्द फार जुना आणि सुंदर आहे. द्राक्षांचा गुच्छ असतो, मंजिऱ्यांचा असतो. परंतु आज त्या नावाने जी वस्तू विकली जाते, तिच्यात फुले ही निमित्तमात्र आहेत. मूळ दक्षिण आफ्रिकेतला जरबेरा, कार्नेशन, भरीला जिप्सोफिलाचा पांढरा चुरा आणि नेच्याची दोन पाने, असा तो ठरलेला संच आहे. तो माघात तसाच, ज्येष्ठात तसाच, इंदूरला तसाच आणि हैदराबादलाही तसाच. ही फुले ज्या हरितगृहांत वाढतात तेथे ऋतूला मज्जावच असतो. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, ते त्याचे कौशल्य आहे. पण ज्या व्याख्यानमालेच्या नावातच वसंत आहे, तिच्या व्यासपीठावर वसंताचे एकही फूल नसावे, याला काय म्हणावे? बाहेर कडुनिंब मोहरलेला, आंब्याला बोराएवढ्या कैऱ्या धरलेल्या, आणि आत बारमाही जरबेरा!

शिवाय या गुच्छाचे आयुष्य पाहा. तो दिला जातो, छायाचित्र निघेपर्यंत दोघांच्या हातांत धरला जातो, आणि मग खुर्चीमागे ठेवला जातो. पाहुणा रात्रीच्या गाडीने परतणार असतो. तो हे लटांबर कोठे वागवील? देणाऱ्याने त्याकडे पाहिलेले नसते, घेणाऱ्यानेही पाहिलेले नसते. गुच्छ हा पाहण्यासाठी नसतोच. आपण तो देताना दिसावे, यासाठी असतो.

आता त्या हिरव्या ठोकळ्याविषयी. फुलवाले त्याला स्पंज म्हणतात, कोणी ओॲसिस म्हणतात. अमेरिकेत १९५४ साली व्हर्नन स्मिदर्स यांनी तो बाजारात आणला. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बनणारे हे एक प्रकारचे प्लास्टिकच. बोटाने दाबले की त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा पाण्याबरोबर मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातो. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या सुमारास दाखवून दिले की या भुग्याचे कण जलचर प्राण्यांच्या पोटात जातात आणि त्यांतून पाण्यात झिरपणारी द्रव्ये त्यांना अपायकारक ठरतात. ज्या इंग्लंडकडून आपण टेबलावर फुले मांडण्याचा रिवाज घेतला, तेथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत हा स्पंज बंद केला. आणि आम्ही? १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली, तेव्हा आम्ही व्यासपीठामागची थर्मोकोलची अक्षरे मोठ्या निष्ठेने उतरवली, आणि त्याच वर्षी ध्वनिक्षेपकासमोर स्पंजात खोचलेली दीड हात लांबीची पुष्परचना आणून ठेवली. पहिल्या तीन रांगांना वक्त्याचे कपाळ तेवढे दिसत होते!

हे वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे. फुलेच नकोत, गुच्छाऐवजी पुस्तक द्या. ही प्रथा अनेक ठिकाणी सुरू आहे आणि ती चांगलीच आहे. पाहुण्याला पुस्तक अवश्य द्यावे. परंतु माझे भांडण फुलांशी नाही. गुच्छाचा राग फुलांवर काढून सभागृहातून फूलच घालवून देणे म्हणजे बेसूर गायकामुळे गाणे बंद करण्यासारखे आहे. आणि फूल कसे मांडावे, हे शिकण्यासाठी आम्हांला दूर जाण्याची गरजही नव्हती. ते आमच्याच ग्रंथालयात वर्षानुवर्षे घडत होते.

आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी संध्याकाळी एक बाई बसत. आता त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आहेत. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक पितळी फुलपात्र ठेवले होते. चार बोटे उंच, काठाला किंचित बाहेर वळलेले, एका बाजूला पोचा आलेला. मराठी घरात पाणी पिण्याच्या या लहानशा भांड्याला फुलपात्र का म्हणतात, याची व्युत्पत्ती काहीही असो. बाई त्या नावाचा शब्दशः अर्थ घेत. माघ-फाल्गुनात त्यात फ्लॉक्सची दोन-तीन झुपके असलेली डहाळी असे, नॅस्टर्शियमचे एखादे केशरी फूल आणि त्याचे छत्रीसारखे वाटोळे पान असे, स्वीट पीचा एक नाजूक वळसा असे. होळी झाली की माळव्यातले हे हिवाळी पाहुणे उन्हाने माना टाकू लागतात. मग फुलपात्रात कडुनिंबाचा मोहोर येई, सदाफुलीचा शेंडा येई, अबोलीची एक कणसासारखी मंजिरी येई. एकदा तर त्यांनी कोथिंबिरीचा तुरा लावला होता. परसातली कोथिंबीर उन्हाने फुलावर गेली, भाजीच्या उपयोगाची राहिली नाही, तेव्हा तिची ती पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, छत्रीच्या आकाराची फुले चार काड्यांवर त्यांनी उभी केली. शेजारी शेपूचा एक पिवळा तुरा. मी तोवर पन्नास वर्षे कोथिंबीर खात आलो होतो. तिला इतके सुंदर फूल येते, हे मला त्या टेबलाशी कळले.

त्यांची रीत मी पाहिली आहे, आणि ती येथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण लहान रचना म्हणजे मोठ्या रचनेचा उरलासुरला तुकडा, असा एक गैरसमज आहे. फुले त्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी कापत. नखाने खुडत नसत; धारदार कात्रीने, तिरकी. घरून येताना ती ओल्या फडक्यात असत, आणि ग्रंथालयात आल्यावर वाटीभर पाण्यात देठाचे टोक बुडवून त्या पुन्हा एकदा, पाण्याखालीच, अर्धा बोट कापत. देठ कापताच त्याच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाणी वर चढेनासे होते. तो बुडबुडा असा काढून टाकावा लागतो. पाण्याखाली जाणारी पाने त्या काढून टाकत, नाहीतर ती कुजून पाणी नासते. फुलपात्राचे तोंड रुंद, त्यात दोन-चार काड्या उभ्या राहणार कशा? त्यासाठी त्या तुळशीच्या वाळक्या काड्यांचे दोन तुकडे भांड्याच्या तोंडात आडवे-उभे अडकवत. झालेल्या चार खणांत देठ आपोआप सावरत. स्पंज नाही, तार नाही, काही नाही. भांडे लहान म्हणून पाणी लवकर आटे. चैत्रातल्या कोरड्या हवेत त्या दुपारी आणि संध्याकाळी ते पुन्हा भरत.

मांडणीचा त्यांचा नियम एकच होता: प्रत्येक फुलाला स्वतःची जागा हवी. मोठ्या रचनेत दहा फुले दडली तरी चालते. झुपका दिसला की झाले. लहान पात्रात एक फूल चुकले तर सगळेच चुकते. सर्वांत उंच काडी भांड्याच्या उंचीच्या दीडपटीच्या वर गेली की भांडे डोलते. सगळी फुले एका पातळीवर आली की ती रांगेत उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखी दिसतात. एखादी कळी, एखादे अर्धे उमललेले, एखादे पुरते फुललेले, असे असले की त्यात काळ दिसतो. मोगऱ्याला देठ आखूड, तो उभा राहत नाही. त्याला बाई पसरट वाटीत पाण्यावर सोडत. गोकर्ण संध्याकाळी मिटते, म्हणून ते सकाळच्या सभेलाच. पांढऱ्या चाफ्याचा चीक थांबेपर्यंत त्याला वेगळे ठेवायचे. हे सारे ज्ञान आहे, आणि ते फुलाकडे नीट पाहिल्यावाचून येत नाही. पाहुण्याला गुच्छ देणाऱ्या आम्हां पदाधिकाऱ्यांपैकी किती जणांना यातले एक तरी वाक्य सांगता आले असते?

आणि फुलपात्राखाली एक चिठ्ठी असे. जुन्या सूचीपत्राच्या कोऱ्या पाठीवर शाईने लिहिलेले फुलाचे नाव. कार्ड शोधले जाईपर्यंत वाचक ती चिठ्ठी वाची. मुले विचारीत, "अबोली म्हणजे न बोलणारी का?" बाई सांगत, विचारत, पुस्तकावर शिक्का मारत.

मग ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले. पाणी सांडेल या भीतीने फुलपात्र टेबलावरून उचलले गेले. भीती रास्त होती. पण ते खिडकीत ठेवता आले असते. ते इतिवृत्तांच्या कपाटात गेले, आणि टेबलावर प्लास्टिकच्या फुलांची एक कुंडी आली. तिच्यावर धूळ बसते. ती मात्र अद्याप कोणी उचललेली नाही.

मागील सर्वसाधारण सभेत मी हा विषय काढला, तेव्हा चार आक्षेप आले. चारही प्रामाणिक होते, म्हणून प्रत्येकाला उत्तर देतो.

पहिला आक्षेप: ही बायकी हौस आहे, साहित्यसंस्थेच्या विषयपत्रिकेवर तिचे काय काम? मला वाटते, या आक्षेपाचे उत्तर दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने १९५६ सालीच देऊन ठेवले आहे. झाडे, फुले आणि महिने यांच्याकडे नीट पाहण्यातून मराठी ललित गद्याचे एक अक्षर पुस्तक निर्माण होते, तर पाहणे हा साहित्याचा विषय नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि हौस बायकी असेल तर ती आम्हां पुरुषांनी आजवर केली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुच्छाच्या देयकावर सही करणे हे मात्र पुरुषी काम होते काय?

दुसरा आक्षेप: आपली परंपरा हाराची, वेणीची, पूजेच्या तबकाची; भांड्यात फुले खोचणे ही साहेबाची किंवा जपान्यांची नक्कल. यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. आपण फूल खुडतो, कापत नाही. देवाला, गजऱ्याला, हाराला देठ लागत नाही. भांड्याला देठ लागतो. ही दोन निराळी नाती आहेत. पण परके म्हणून टाकायचे तर सुरुवात कोठून करावी? निबंध परका, कादंबरी परकी, आणि हे त्रैमासिकही. जे आपण आपलेसे केले, ते आपले झाले. जपानचे म्हणाल, तर तेथील चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांची एक कथा ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ च्या आपल्या चहावरील पुस्तकात सांगितली आहे. रिक्यूंच्या बागेत पहाटे उमलणाऱ्या वेलीला अपूर्व बहर आल्याची कीर्ती सत्ताधीश हिदेयोशीच्या कानी गेली. तो पाहायला आला, तर बागेत एकही फूल नाही. सगळी वेल साफ केलेली. संतापून तो चहाच्या खोलीत शिरला, आणि तेथे एका भांड्यात एकच फूल होते. ही कथा सांगितली की लोक माना डोलावतात. माझ्या मते ती अर्धीच आदर्श आहे. एका फुलाची शोभा कळावी म्हणून शेकडो फुलांची कत्तल, हा सत्ताधीशाला शोभणारा धडा झाला. आमच्या बाईंनी एक फूल दाखवण्यासाठी बाग उजाड केली नाही. तेव्हा नक्कल हा शब्द आपण परत घ्यावा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे गृहस्थ संस्कृतचे व्यासंगी आहेत. ते म्हणाले, फूल झाडावरच शोभते. शकुंतलेला अलंकारांची आवड असूनही तिने झाडांची पालवी कधी तोडली नाही, असे कण्वमुनी सांगतात. उज्जयिनीपासून हाकेच्या अंतरावर राहून कालिदासाचा अव्हेर करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु नाटक पूर्ण वाचावे. त्याच चौथ्या अंकाच्या आरंभी दोघी सख्या शकुंतलेच्या सौभाग्यदेवतेच्या पूजेसाठी फुले वेचत असतात. सहाव्या अंकात दुष्यंत तिचे चित्र काढतो, तेव्हा त्याला उणीव भासते ती कानावरच्या शिरीषाच्या एका फुलाची, ज्याचे केसर गालापर्यंत लोंबतात. ज्या कवीला एवढे दिसते, त्याचा विरोध फूल तोडण्याला नाही, निष्काळजीपणाला आहे. आणि बागकामाचे साधे सत्य असे की फ्लॉक्स, स्वीट पी यांसारख्या एका हंगामाच्या रोपांची फुले कापत राहिले तर बहर लांबतो. शेंगा धरू दिल्या की आपले कार्य झाले असे समजून ते रोप फुलायचे थांबते. अंगणातल्या त्या चार काड्यांनी झाडाचे काही बिघडत नाही. ज्यांची झाडे आपण कधी पाहिलीही नाहीत, त्या नऊ गुच्छांचे पाप कोणाच्या माथी?

चौथा आक्षेप: गुच्छ बंद केले तर फुलवाल्याचे पोट कसे भरेल? हा प्रश्न टाळता येणार नाही. माझे म्हणणे असे की गुच्छाचा जेवढा खर्च होतो, तेवढा चैत्रात सभागृहाच्या दाराशी मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या मावशींना द्यावा. आलेल्या प्रत्येकाला एक गजरा किंवा दोन कळ्या मिळतील, सभागृह दरवळेल, आणि शिल्लक राहील तो फक्त दोरा. पैसा फुलांवरच खर्च व्हावा. चकचकीत कागदावर, तारेवर आणि स्पंजावर नको.

यानंतर एका तरुण सभासदाने जो मुद्दा काढला तो आक्षेप नव्हता, अडचण होती. तो म्हणाला, "काका, आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. अंगण कुठून आणू?" अडचण खरी आहे. पण फुलपात्राला अंगण लागत नाही, हाच तर त्याचा गुण! दीड हात लांबीच्या रचनेला बाग लागते. चार बोटांच्या पात्राला खिडकीतली एक कुंडी पुरते. तुळशीची मंजिरी, कढीपत्त्याचा पांढरा मोहोर, मोहरी टाकून उगवलेली चार पिवळी फुले, रस्त्याकडेला उगवलेली एकदांडी. हेही नसेल तर मंडईतून आणलेल्या मुळ्याच्या जुडीत कधीकधी फुलावर आलेला एखादा दांडा असतो, तो पाहावा. फिकट जांभळ्या शिरांची चार पाकळ्यांची फुले. आपण तो तोडून फेकतो.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपण, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहिलेले मराठी लोक, भाषा टिकवण्याची चिंता फार करतो. ठराव करतो, स्पर्धा घेतो, मुलांना श्लोक पाठ करायला लावतो. पण भाषा कशाने टिकते? वस्तूंना तिची नावे असतात आणि त्या वस्तू रोज हाताखाली असतात, तेव्हा ती टिकते. गुच्छातल्या फुलाला आपण नाव विचारत नाही. ते 'बुके' असते, झाले. कोणी म्हणेल, मग देशीच फुले लावा. हा हट्ट मी धरणार नाही, कारण तो टिकणारा नाही. सदाफुली मादागास्करची, झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोचे, गुलबक्षी अमेरिका खंडातली. ही सारी परदेशी फुले. पण ती आपल्या परसात राहिली, आपण त्यांच्याकडे पाहिले, आणि नावे दिली. बारा महिने फुलते म्हणून सदाफुली. रात्री दरवळतो म्हणून निशिगंध. फ्लॉक्सला आणि नॅस्टर्शियमला आपण अजून मराठी नाव दिलेले नाही, याचे कारण ती परकी आहेत हे नव्हे; आपण त्यांच्याकडे पाहणे थांबवले, हे आहे. नाव सुचण्यासाठी फूल डोळ्यांपासून हातभर अंतरावर यावे लागते. फुलपात्र ते अंतर जुळवून देते, व्यासपीठावरचा ढीग देत नाही. नॅस्टर्शियमच्या पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळतो, हे ज्या मुलाने पाहिले, ते एक दिवस त्याला नाव देईल. बाईंच्या त्या चिठ्ठ्या भाषासंवर्धनाच्या आमच्या कित्येक ठरावांहून अधिक काम करीत होत्या, हे मी आज, उशिरा, कबूल करतो.

म्हणून पुढील सभेपुढे मी पुढील सूचना लेखी मांडत आहे. एक, मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात पुष्पगुच्छ दिला किंवा स्वीकारला जाऊ नये. निमंत्रणपत्रिकेवर तसे छापावे. दोन, व्यासपीठाच्या टेबलावर एकच लहान पात्र असावे. फुलपात्र, गडू, जुनी दौत, औषधाची चिमुकली बाटली, काहीही चालेल. स्पंज आणि तार चालणार नाही. तीन, त्यातली फुले आळीपाळीने एकेका सभासदाने आपल्या घरून आणावीत, विकत आणू नयेत. चार, पात्राखाली फुलाच्या नावाची चिठ्ठी असावी, आणि नाव ठाऊक नसल्यास तेवढी जागा कोरी सोडून वाचकांना नाव सुचवू द्यावे. पाच, ग्रंथालयातली प्लास्टिकची कुंडी काढावी.

इतर गावांच्या मंडळांनीही यावर विचार करावा, अशी विनंती आहे. गोव्याच्या वाचकांकडे फाल्गुनात सुरंगी असते. ती फांदीलाच चिकटून फुलते, तिला देठ नाही, तेव्हा तिच्यासाठी वाटीच बरी. ग्वाल्हेरचा हिवाळा आमच्याहून कडक, तेथे हंगामी फुलांची चंगळ असते. बेळगाव आणि बडोद्याकडील मंडळींनी आपापल्या परसातले लिहून कळवावे. प्रत्येक गावचे फुलपात्र निराळे निघेल, आणि तसेच ते निघायला हवे.

इतिवृत्तांच्या कपाटाची किल्ली मी परवा मागून घेतली. फुलपात्र तेथेच होते, काळे पडलेले. चिंचेने घासून स्वच्छ केले आहे. पोचा तसाच आहे. पुढच्या महिन्याच्या काव्यवाचनाला ते टेबलावर असेल. त्या दिवसाची फुले माझ्याकडून. त्यानंतरच्या कार्यक्रमासाठी ग्रंथालयात एक वही ठेवली आहे. तिच्यात आपले नाव घालावे.